खळगा भरण्याआधी

गाल एका बाजूने बसू लागला की घरात पहिला संशय जातो दातांवर. दाढ काढली म्हणून असेल, वजन उतरलं म्हणून असेल, सारखी एकाच कुशीवर झोपते म्हणून असेल. कपाळावर फिकट, चकचकीत पट्टा उमटला तर शेजारीपाजारी दबक्या आवाजात कोडाचं नाव घेतात, कुणी त्याहून पुढे जाऊन कुष्ठरोगाचं. या अंदाजांत वर्ष-दोन वर्षं सहज निघून जातात. मग कधीतरी त्वचारोगतज्ज्ञ तपासतात, गरज पडली तर बायोप्सी करतात आणि सांगतात की हा मॉर्फिया आहे, किंवा ल्युपस आहे. म्हणजे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच त्वचेवर आणि तिच्याखालच्या चरबीवर उलटली आहे, ज्याला ऑटोइम्यून आजार म्हणतात. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताट-पेला वेगळा ठेवायचं काही कारण नाही.

त्यानंतर रुग्ण विचारतो: गेलेला गाल परत येईल का? बऱ्याच अंशी येतो. पोटावरची किंवा मांडीची स्वतःचीच चरबी बारीक नळीने काढून खळग्यात भरतात. याला फॅट ग्राफ्टिंग म्हणतात. ऑपरेशन तसं मोठं नाही, हात बसलेल्या प्लास्टिक सर्जनला नवं तर मुळीच नाही. तरीही घाई करून ते बिघडवणारे बरेच असतात. चरबी कशी भरायची हे सर्जनला ठाऊक असतं. ती कधी भरायची हे मात्र आजार ठरवतो, आणि तेच ऐकायची कुणाची तयारी नसते.

आधी आजार ओळखून घेऊ, कारण नुसतं 'ऑटोइम्यून आहे' एवढ्या माहितीवर निर्णय होत नाही. लिनिअर मॉर्फियात टाळूपासून भुवईपर्यंत उभी खाच पडते, त्या पट्ट्यातले केस जातात. तलवारीच्या वाराची खूण असावी तशी ती दिसते, आणि फ्रेंच डॉक्टरांनी तिला नावही तेच दिलं. दुसरा प्रकार अर्धा चेहरा आटण्याचा, पॅरी-रॉम्बर्ग सिंड्रोम. इंग्लंडमधल्या कॅलेब पॅरींनी लिहिलेलं त्याचं वर्णन 1825 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं; बर्लिनच्या मोरिट्झ रॉम्बर्गांनी 1846 मध्ये ते सविस्तर मांडलं. हा बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, मुलींमध्ये जास्त दिसतो, काही वर्षं सरकत राहतो आणि मग आपोआप थंडावतो. या दोन्ही प्रकारांचं आपसात जवळचं नातं आहे. काही वेळा एकाच रुग्णात दोन्ही सापडतात.

तिसरा ल्युपस पॅनिक्युलायटिस. यात गालावर किंवा दंडावर आधी दुखऱ्या, टणक गाठी येतात. गाठी विरल्या की त्या जागी चरबीही विरलेली असते आणि बोट रुतेल असा खड्डा राहतो. चौथा सिस्टिमिक स्क्लेरोसिस. तो फक्त त्वचेपुरता नसतो. ओठ पातळ होतात, तोंड पूर्ण उघडेनासं होतं, शिवाय फुप्फुसं आणि अन्ननलिकाही पकडीत येऊ शकतात. अशा रुग्णाला भूल देणं हाच एक वेगळा विषय आहे. तोंड उघडत नसेल तर नळी कशी घालणार, हे भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी नव्हे, तारीख ठरवण्याआधी कळलं पाहिजे.

कपाळावर खाच किंवा अर्धा चेहरा आटलेला असेल तर आणखी तीन तपासण्या करून घ्या. काही रुग्णांना फिट येतात, सतत डोकं दुखतं, म्हणून न्यूरॉलॉजिस्ट गरजेप्रमाणे मेंदूचा एमआरआय सांगतात. डोळ्याच्या आत सूज येऊ शकते, आणि मुलांमध्ये ती काहीही न दुखता येते, म्हणून नेत्रतज्ज्ञ. आणि दात-जबडा. आजार अगदी लहान वयात सुरू झाला असेल तर त्या बाजूचं हाडच कमी वाढतं. हाड आखूड असेल तर वरून कितीही चरबी भरली तरी चावा जुळत नाही, हनुवटी सरळ होत नाही. तिथे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि जबड्याचे सर्जन लागतात.

आजार निजला आहे का?

चरबी भरल्याने आजार थांबत नाही, आणि आजारावरच्या गोळ्यांनी खळगा भरत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. मॉर्फियाच्या खोल आणि चेहऱ्यावरच्या प्रकारांत सहसा मेथोट्रेक्झेट आणि सुरुवातीला स्टेरॉइड देतात. त्याने भागलं नाही तर मायकोफिनोलेट. ल्युपसमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि उन्हापासून कडक बचाव. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. ते रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. केसपेपरवर वार लिहून घ्या, आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही तो वार ठाऊक असू द्या.

आजार जागा आहे तोवर तिथे चरबी भरली तर ज्या सुजेने आधीची चरबी खाल्ली तीच सूज नवीही खाते. ल्युपसच्या खड्ड्यांत धोका थोडा वेगळा आहे: सुईने किंवा माराने झालेली इजा नव्या गाठीला निमित्त होऊ शकते. म्हणून वाट बघायची. किती? निदान 1 वर्ष तरी आजार हललेला नसावा, असं बहुतेक जण धरतात. बरेच सर्जन 2 वर्षं थांबतात. अलीकडे काही ठिकाणी, विशेषतः शाळकरी मुलांमध्ये, औषधं चालू ठेवून लवकर भरण्याचेही प्रयोग होतात, कारण 10-12 वर्षांच्या मुलीला दोन वर्षं चिडवून घ्यायला लावणं हीही इजाच आहे. हे मला पटतं, पण एका अटीवर: निर्णय रुमॅटॉलॉजिस्ट (अशा आजारांवर औषधं देणारे तज्ज्ञ) आणि सर्जन दोघांनी मिळून घेतलेला असावा, आणि पहिली भर पूर्ण विरघळू शकते हे आईवडिलांना आधीच सांगितलेलं असावं.

आजार जागा आहे हे कशावरून ओळखायचं? डागाच्या कडेला जांभळट किंवा लालसर वलय असतं, हात लावला तर जागा कोमट लागते, कडा सरकलेली असते, शेजारी नवा डाग उमटतो. डॉक्टर यासाठी गुण देण्याची पद्धत वापरतात, काही ठिकाणी सोनोग्राफीही करतात. तुमच्या हातात त्याहून साधं एक साधन आहे, मोबाइल. दर 2 महिन्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, केस मागे बांधून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. चेहरा गुळगुळीत करणारं सेटिंग आठवणीने बंद करा. खळगा खोल होत चालला आहे की तसाच आहे, हे रोज आरशात बघणाऱ्याला कळत नाही. वर्षातले सहा वेळचे फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतं. सर्जनपुढे हे फोटो ठेवलेत तर चर्चेचा निम्मा वेळ वाचेल.

एक फसगत इथे हमखास होते. स्टेरॉइडचा डोस मोठा असताना चेहरा सुजल्यासारखा गोल होतो. त्या वेळी खळग्याचं माप घेतलं तर ते चुकतं, कारण डोस उतरला की चांगली बाजूही उतरते. म्हणून डोस कमी होऊन स्थिरावू द्या, वजनही काही महिने एका जागी राहू द्या, मग माप घ्या.

आता लग्नाचं. 'मे महिन्यात बघायला येणार आहेत, त्याआधी उरकून टाका' असा आग्रह धरणारे आईवडील प्रत्येक प्लास्टिक सर्जनला भेटतात. त्यांची चिंता खोटी नाही. पण मुहूर्त पाहून भरलेली चरबी मुहूर्तापर्यंतच टिकली, तर मुलीला पुन्हा तोच खळगा आणि वर 'ऑपरेशनसुद्धा फसलं' हा ठपका, असं दुहेरी ओझं होतं. कार्य अगदीच तोंडावर असेल तर आजार शांत असलेल्या रुग्णाला हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. ते काही महिने टिकतं आणि बिनसलं तर दुसऱ्या इंजेक्शनने विरघळवता येतं. अर्थात तेही सुईचंच काम, त्यामुळे ल्युपस असेल तर वर सांगितलेली काळजी तिथेही आलीच.

ऑपरेशनच्या दिवशी

स्वतःची चरबी भरण्याची कल्पना जुनी आहे. जर्मन सर्जन गुस्ताव नॉयबर यांनी 1893 मध्ये दंडावरची चरबी काढून डोळ्याजवळचा खड्डा भरला होता. पण पुढे अनेक दशकं परिणामाचा भरवसा नव्हता; भरलेलं निम्मंअधिक कुठे जाई कळत नसे. न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी 1990च्या दशकात शिस्त घालून दिली: हळुवार काढा, स्वच्छ करा, थेंबाथेंबाने भरा. आज बहुतेक सर्जन याच वाटेने जातात, तपशिलात फरक असतो इतकंच.

पोट किंवा मांडी बधिर करणारं आणि रक्तस्राव रोखणारं पाणी आधी टोचतात. मग 2-3 मिलिमीटरच्या नळीने, बहुतेकदा हातातल्या सिरिंजनेच, चरबी ओढतात. मोठ्या मशीनचा जोर लावला तर पेशी फुटतात. काढलेली चरबी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, गाळतात किंवा नुसती निथळत ठेवतात. वर तेल येतं, तळाला रक्त आणि पाणी बसतं, मधला पिवळा भाग कामाचा. तो 1 मिलीच्या सिरिंजांत भरून बोथट नळीने चेहऱ्यात सोडतात: नळी आत घालताना नव्हे, मागे घेताना, आणि प्रत्येक फेरीला अगदी थोडी. भाताची लावणी करताना रोपं जुडीच्या जुडीने चिखलात खुपसत नाहीत, थोडी थोडी, अंतरावर लावतात. इथेही तेच तत्त्व आहे. सोडलेल्या चरबीला पहिले काही दिवस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. भोवतालच्या जिवंत मांसातून जे झिरपेल त्यावरच ती जगते. गोळा जाड झाला तर मधल्या पेशी उपाशी मरतात आणि त्यांची तेलाची गाठ होते.

मॉर्फियाच्या जागेत हे काम आणखी अवघड आहे. त्वचा खाली चिकटलेली, रक्तपुरवठा कमी, जागाच अरुंद. कपाळाच्या खाचेत तर त्वचा जवळजवळ हाडाला टेकलेली असते. आधी आतले चिकटलेले धागे सोडवावे लागतात, आणि एका बैठकीत भरपूर कोंबायचा मोह आवरावा लागतो. म्हणूनच 'एकाच सिटिंगमध्ये पूर्ण' असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. भरलेल्यातली किती चरबी टिकेल हे माणसागणिक आणि जागेगणिक बदलतं. निम्मी राहिली तरी ठीक म्हणायचं. गालात ती बरी टिकते, सतत हलणाऱ्या ओठांत कमी. बैठका दोन किंवा तीन, कधी जास्तही, आणि दोन बैठकांमध्ये निदान 3 ते 6 महिने. पहिल्या आठवड्यात सुजेमुळे गाल छान भरलेला दिसतो, नातेवाईक खूश होतात. सूज उतरली की तोच गाल पुन्हा थोडा बसतो आणि रडारड होते. खरा परिणाम तिसऱ्या महिन्यानंतर बघायचा.

आणखी एक गंमत (सर्जनच्या दृष्टीने डोकेदुखी) म्हणजे पोटावरची चरबी गालात गेली तरी पोटाचेच गुण धरून राहते. वजन वाढलं की ती फुगते. काही वर्षांनी, बाळंतपणानंतर किंवा स्टेरॉइड पुन्हा सुरू झाल्यावर, भरलेली बाजूच जास्त मोठी दिसलेले रुग्ण आहेत. अगदी सडपातळ मुलींची अडचण उलटी: काढायला चरबीच नसते. आणि जिथून काढायची तिथे आजाराचे डाग नसावेत, हेही बघावं लागतं.

जे नेहमीचं असतं ते असं: दोनेक आठवडे सूज आणि काळंनिळं, पोटावर ठणका, थोडा बधिरपणा. क्वचित जंतुसंसर्ग, गाठी, उंचसखलपणा. विरळ पण भयंकर असा एक धोका आहे. चरबी रक्तवाहिनीत शिरून डोळ्याच्या किंवा मेंदूच्या वाहिनीत अडकली तर कायमचं अंधत्व किंवा पक्षाघात येऊ शकतो. भुवयांच्या मधला भाग आणि नाक ही सर्वांत धोक्याची ठिकाणं, आणि कपाळाची खाच नेमकी तिथवर उतरते. बोथट नळी, कमी दाब आणि थोडं प्रमाण यांनी हा धोका कमी होतो, शून्य होत नाही. संमतिपत्रावर सही करण्याआधी हे वाक्य सर्जनच्या तोंडून ऐका. जो ते टाळतो त्याच्याकडे सही करू नका.

औषधांची यादी आधीच दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा. बरेच महिने चालू असलेलं स्टेरॉइड ऑपरेशनसाठी म्हणून एकदम बंद करायचं नसतं. शरीर ते सहन करत नाही. मेथोट्रेक्झेट चालू ठेवायचं की नाही, हे रुमॅटॉलॉजिस्ट ठरवतील. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आणि 'ते काय आयुर्वेदिकच आहे' म्हणून न सांगितलेले काढे-चूर्णंही सांगा. ल्युपस असेल तर अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडीची तपासणी झाली आहे का ते विचारा. ती अँटिबॉडी असेल तर रक्ताच्या गुठळ्या होण्याकडे कल असतो आणि सगळी आखणी बदलते. तंबाखू, सिगारेट आणि मशेरी किमान 4 आठवडे आधी बंद. मशेरी लावणाऱ्या बायका तिला व्यसन मानत नाहीत, दात घासणं म्हणतात, म्हणून डॉक्टरांनी विचारलं तरी सांगत नाहीत. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि नव्या चरबीचा घास तुटतो, मग ते विडीतून येवो की मशेरीतून.

कुणाकडे जायचं, पैसे किती

किती खर्च हे शहर, भूल आणि बैठकांवर ठरतं, त्यामुळे आकडा देत नाही. पण एका बैठकीचं नव्हे, सगळ्या बैठकांचं कोटेशन मागा. सर्जन प्लास्टिक सर्जरीतला एमसीएच किंवा डीएनबी असावा. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघता येते. चकचकीत ब्युटी क्लिनिकमध्ये गाल भरून देतात म्हणून मॉर्फियाचा गालही भरतील असं समजू नका; सौंदर्यासाठी निरोगी गाल भरणं आणि आजाराने चिकटलेला गाल सोडवून भरणं यांत फार अंतर आहे. 'ऑटोइम्यून आजाराचे किती रुग्ण केलेत, त्यांचे 1 वर्षानंतरचे फोटो दाखवा' असं सरळ विचारा. मुंबईतली केईएम, सायन, जेजे, पुण्याचं ससून, गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज, अशा मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत कमी खर्चात मत मिळू शकतं, आणि तिथे त्वचारोग, रुमॅटॉलॉजी, नेत्र या ओपीडी एकाच आवारात किंवा जवळपास सापडण्याची शक्यता जास्त. रांग लांब असते, पण इथे घाई नाहीच आहे.

जाहिरातीत 'स्टेम सेल फेसलिफ्ट' दिसलं तर खिसा सांभाळा. चरबीत अशा पेशी असतात हे खरं. चरबी भरल्यावर वरची ताठ त्वचा थोडी मऊ पडते, त्यात त्यांचा वाटा असावा असं मानतात. पण पेशी वेगळ्या काढून, वाढवून टोचणं हा निराळा प्रकार आहे. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेलचे उपचार संशोधनातच मोडतात, आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. 'नॅनोफॅट' नावाची पातळ केलेली चरबी त्वचेचा पोत सुधारण्यासाठी वापरतात. खड्डा तिने भरत नाही. खड्डा फारच खोल असेल, हाडापर्यंतचं सगळंच आटलं असेल, तर पाठीचा किंवा मांडीचा मांसल तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट आणून सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. ते मोठं ऑपरेशन आहे, पण अशा चेहऱ्यावर पाच वेळा थोडी थोडी चरबी भरण्यापेक्षा तेच शहाणपणाचं ठरतं.

विम्याच्या बाबतीत भाबडी आशा नको. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात एक ठरलेलं कलम असतं: रूप बदलणारी शस्त्रक्रिया वगळलेली, अपवाद फक्त अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, किंवा तब्येतीचा थेट, तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार. ऑटोइम्यून आजाराचं नाव त्यात नाही. हे अन्यायाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. जळलेला गाल आणि आजाराने खाल्लेला गाल यांत रुग्णाने काय वेगळं केलं? तरी अर्ज जरूर करा. निदानाचा कागद, बायोप्सीचा रिपोर्ट, फोटो आणि ही पुनर्रचनेची शस्त्रक्रिया का गरजेची आहे याचं सर्जनचं पत्र जोडून पूर्वमंजुरी आधी मागा आणि उत्तर लेखी घ्या. ऑपरेशन झाल्यावर भांडून फारसं हाती लागत नाही.

घरी आल्यावर भरलेल्या बाजूवर काही आठवडे झोपू नका, मसाज करू नका, चष्म्याची किंवा हेल्मेटची पट्टी तिथे रुतू देऊ नका. बर्फ लावायचा का, हे सर्जनला विचारा. बरेच जण भरलेल्या जागी नको म्हणतात. उन्हात टोपी आणि सनस्क्रीन, ल्युपसवाल्यांनी तर कायमच. ताप आला, लाली पसरत गेली, पू दिसला तर त्याच दिवशी दाखवा. टोचताना किंवा टोचल्यावर डोळ्यात एकदम कळ आली, दिसेनासं झालं, बोबडी वळली तर सकाळची वाट बघू नका, तिथे मिनिटांचा प्रश्न असतो. जुन्या डागाच्या कडेला पुन्हा जांभळट वलय दिसलं तर सर्जनच्या आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. आणि गाल भरला म्हणून आजारावरच्या गोळ्या स्वतःहून सोडू नका. त्या कधी थांबवायच्या, हे ज्यांनी सुरू केल्या त्यांनाच विचारा.